पडवीतला दगड

आमचं गाव मुंबई-आग्रा हायवेवर, चांदवडच्या आजूबाजूला जी गावं आहेत त्यांतलंच एक. गावात शिरताना डाव्या हाताला, एसटी थांबते त्याच्या जरा पुढे, सैनिकांचं स्मारक होतं. चौकोनी चौथरा, त्यावर माणसापेक्षा उंच खांब, खांबाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला काळ्या ग्रॅनाइटच्या फरश्या आणि माथ्यावर नळी खाली करून रोवलेली बंदूक, तिच्या दस्त्यावर हेल्मेट. समोरच्या फरशीवर आसपासच्या गावांतली जी मुलं पेटीतून परत आली त्यांची नावं होती. मागच्या फरशीवर नोकरी पुरी करून जे आपल्या पायांनी घरी आले त्यांची. समोर माझ्या भावाचं नाव होतं आणि मागे माझ्या वडिलांचं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते तोफखान्यात हवालदार होते, शेवटची नेमणूक देवळालीला. नावांच्या त्या उलट्या क्रमावर ते कधीतरी म्हणायचे, "सीनियर मागं आन् ज्युनियर पुढं, आसं फौजेत होत नसतं कधी." ऐकणारा हसावं की नाही या पेचात पडायचा. आप्पा तोवर पुढे निघून गेलेले असत.

ते निवृत्त होऊन घरी आले तेव्हा मी शाळेत होते आणि दादा बारावीला. वडील असे रोज घरात दिसायची आम्हाला सवयच नव्हती. दादाने त्यांच्याशी ओळख करून घेतली ती पळता पळता. सकाळी उजाडलं की दोघं पाझर तलावाच्या बांधावर जायचे. दादा पळायचा, आप्पा मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहायचे. घामाने निथळत घरी आला की दादा ओट्यावर बसून बुक्कीने कांदा फोडायचा, बाजरीची भाकरी आणि ठेचा. खाता खाता आप्पांची नक्कल करून दाखवायचा, "छाती बाहेर! पेट अंदर!" आईला हसू यायचं, पण ती ते लपवायची. तिला त्याने आयटीआय करून सातपूरला एखाद्या कंपनीत लागावं असं वाटत होतं. "शिफ्ट असली तरी माणूस घरी येतो," ती म्हणायची, "कपडे धुवायला तरी घरी येतो."

दादाची एक खोड होती. कितीही थंडी असो, झोपेत त्याचे पाय पांघरुणाबाहेर असायचे. आमच्याकडे पौषात बोचरी थंडी पडते. आई मधूनच उठून त्याचे पाय झाकायची, सकाळी पुन्हा उघडेच. "तुझ्या पायाला काय गरमी सुटते का रे," असं ती वैतागून म्हणायची.

तो भरती झाला, ट्रेनिंग झालं, दोन-तीन वेळा सुट्टीवर आला. शेवटच्या सुट्टीत माझ्यासाठी लोकरीचा हातमोजा आणला होता, एकच. दुसरा म्हणे गाडीत कोणीतरी पळवला. मी त्या वर्षी नाशिकला कॉलेजात होते. मग त्याची तुकडी वर बर्फात गेली आणि एका सकाळी त्यांच्या ठाण्यावर डोंगरावरून बर्फ खाली आला. बातमी आप्पांना फोनवर हिंदीत कळली. मी घरी पोचले तेव्हा ते अंगणात खुर्चीवर सरळ बसलेले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, परेडच्या फोटोत बसतात तसे. घराबाहेर गर्दी होती आणि त्यांच्या आसपास कोणीच नव्हतं.

पेटी यायला बरेच दिवस लागले. ती आली तेव्हा हायवेवर दुतर्फा माणसं उभी होती, शाळेची पोरं झेंडे घेऊन, घोषणा. आईला त्यातलं काही ऐकू आलं नसावं. ती पेटीपाशी बसली आणि म्हणाली, "उघडा." कोणी उघडेना. सोबत आलेला अधिकारी पोरगेलासा होता, दादापेक्षा फार मोठा नसेल. तो आईसमोर गुडघ्यांवर बसला. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने आप्पांकडे पाहिलं, आणि आप्पांनी मान खाली घातली. आईला ते कळलं.

"तोंड नका दाखवू," ती म्हणाली. "पाय दाखवा. नुसते पाय."

त्या मुलाला मराठी येत नव्हतं, पण तिचा हात पेटीच्या कुठल्या टोकाला गेला होता ते त्याला दिसत होतं. "नहीं, माताजी," एवढंच तो म्हणाला आणि आपली टोपी काढून हातात धरली.

तेराव्याला पाहुणे पांगले. आई भांडी आवरत होती, आप्पा दारात उभे होते. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पळायला कोणी शिकवलं त्याला?"

आप्पा दारातून अंगणात उतरले. तिने ते पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्या एका वाक्यानंतर आमच्या घरात दादाबद्दल दोघांनी एकत्र बसून बोलणं बंद झालं. आई माझ्याशी बोलायची, आप्पा माझ्याशी बोलायचे. एकमेकांशी पाणी, किराणा, पाहुणे, दवाखाना, एवढंच. तिने त्यांची सेवा कधी कमी केली नाही. त्यांच्या चहात साखर किती, कपड्यांना इस्त्री कशी, सगळं जिथल्या तिथे. म्हणूनच ते जास्त जाणवायचं.

स्मारकाची कल्पना आप्पांची आणि आजूबाजूच्या माजी सैनिकांची. जागा मिळवण्यासाठी आप्पा दोन वर्षं तरी सरकारी कचेऱ्यांत फिरत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर पदकं नाहीत, हातात फाइल. अखेर हायवेच्या कडेची ती चिंचोळी जागा मिळाली आणि खांब उभा राहिला. उद्घाटनाला गाव लोटलं. आई आली नाही. मी घरी न्यायला गेले तर ती सुपात बाजरी निवडत बसली होती.

"चल ना," मी म्हटलं. "दादाचं नाव लावलंय."

"नाव मीच ठेवलंय त्याचं. मला ठाऊक हाय." सुपातला खडा तिने उचलून बाजूला टाकला. "तिथं काय हाय? दगड हाय."

तेव्हापासून ती त्या रस्त्याने गेलीच नाही. बाजाराला जायचं तर मागच्या गल्लीतून, कांद्याच्या चाळींमधून वळसा घालून जायची. नाशिकला माझ्याकडे यायचं झालं तरी गावातल्या थांब्यावर बसमध्ये चढायची नाही. पुढच्या फाट्यापर्यंत रिक्षाने जायची.

आणि आप्पा रोज सकाळी तिथेच जायचे. पाण्याचा कॅन आणि जुनं मऊ धोतर घेऊन. आधी समोरची फरशी पुसायचे, मग मागची. साखळीला कोणी वाढदिवसाचा बॅनर बांधला असेल तर गाठ सोडून, नीट घडी करून, ज्याचा असेल त्याच्या घरी नेऊन द्यायचे. भांडायचे नाहीत. भाजीवाल्या बाया पायऱ्यांवर टोपल्या टेकवायच्या, कॉलेजची पोरं एसटीची वाट बघत चौथऱ्यावर बसायची. एकदा कोणीतरी त्यांना म्हणालं, "आप्पा, यांना हटकत जा जरा." आप्पा म्हणाले, "बसू द्या. पोरांना तेवढीच सोबत."

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी सातपूरच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागले, म्हणजे आईने दादासाठी जे मागितलं होतं ते माझ्या वाट्याला आलं. रविवारी सुट्टी असली की मी गावाकडे जायचे.

मग हायवे रुंद करायचं ठरलं. गावातून उड्डाणपूल, खाली सर्व्हिस रोड. खांब मधोमध येत होता. आप्पांनी विरोध केला नाही, तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. ते म्हणाले, "रस्ता झाला पायजे. फौज रस्त्यावरूनच जाती." मीटिंगमध्ये त्यांना शब्द मिळाला की स्मारक सन्मानाने हलवलं जाईल, नवीन जागा आधी तयार होईल, मगच जुनं काढतील.

एका गुरुवारी त्यांचा फोन आला. "आज काढायलेत. येती का?"

मी रजा टाकून निघाले. पोचले तेव्हा जेसीबी उभा होता आणि चौथऱ्याच्या पायऱ्या आधीच उचकटलेल्या होत्या. आप्पा आणि आणखी दोन म्हातारे माजी सैनिक रस्त्याच्या कडेला एका रांगेत उभे होते. बाकी कोणी नव्हतं. कंत्राटदाराचा सुपरवायझर भला माणूस होता, म्हणाला, "काका, हाताने काढून घेतो फरश्या, मशीन लावत नाही." कामगारांनी पहार घालून समोरची फरशी सिमेंटपासून सोडवायला सुरुवात केली. ती सुटली, पण सुटताना वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली उजवीकडे तडा गेला. आवाज फार मोठा झाला नाही. आप्पा धावले. म्हातारपणी मी त्यांना धावताना तेव्हाच पाहिलं. त्यांनी दोन्ही हात फरशीच्या खाली घातले, जणू ती पडलीच तर तिला झेलणार होते.

तिचे दोन तुकडे झाले नाहीत. तडा गेला, पण धरून राहिली. दादाचं नाव तड्याच्या वर होतं, धड होतं. दुसऱ्या एका मुलाचं आडनाव मधून चिरलं.

"नवीन जागा कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

जागा तयार नव्हती. नुसती आखलेली होती. तोवर फरश्या गोडाउनला ठेवू, असं सुपरवायझर म्हणाला. आप्पा माझ्यासोबत गोडाउन बघायला गेले. उघड्या आवारात पथदिव्यांचे वाकलेले खांब, फुटक्या पाइपांचा ढीग, चिखल, त्यात लोळणारी डुकरं. आप्पा फाटकातूनच मागे फिरले.

"नाय," ते म्हणाले. "इथं नाय."

शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर कांदा उतरवून परत चालला होता. त्याच्या ट्रॉलीत, कांद्याच्या पातीवर गोणपाट टाकून, समोरची फरशी आमच्या घरी आली. मागची फरशी दुसऱ्या एका माजी सैनिकाच्या खळ्यात गेली. तो वारल्यावर त्याच्या पोरांनी खळ्यात काँक्रीट केलं. तेव्हा ती फरशी कुठे गेली ते आजही कोणाला धड सांगता येत नाही.

आई दारात उभी होती. चौघांनी फरशी पडवीत आणून भिंतीला टेकवून ठेवली. आप्पा दम खात म्हणाले, "थोड्या दिवसांसाठी."

आई आत गेली. थोड्या वेळाने एक धुतलेली चादर घेऊन आली, आप्पांच्या हातात दिली आणि पुन्हा आत गेली. आप्पांनी फरशी झाकली.

त्या दिवसापासून आई मागच्या दाराने ये-जा करू लागली. पडवीत तिचं जातं होतं, कपड्यांची दोरी होती, तुळस समोरच्या अंगणात होती. तिने दोरी मागे नेली. तुळशीला पाणी घालायला ती घराला वळसा घालून यायची. इतकी वर्षं जो रस्ता तिने टाळला, तो आता उठून तिच्या घरात येऊन बसला होता. आप्पांना हे दिसत होतं. एकदा मला म्हणाले, "मी दुसरीकडं कुठं ठेवणार व्हतो, सांग." ते माझ्याकडून उत्तर मागत नव्हते.

नंतरच्या एका रविवारी दुपारी मी तिथे होते. आप्पा नवीन जागेचं काम कुठवर आलं ते बघायला गेले होते. दारावर कोणी हाक मारली. पाहिलं तर एक म्हातारी, काळीसावळी, नऊवारी लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात पिशवी. सकाळपासून बसने आणि पायी येत होती. बोलणं मालेगावकडचं, अहिराणी.

"बाई, तठेना दगड कठे गया?" तिने विचारलं. "मना पोऱ्यानं नाव शे त्यावर."

ती सटाण्याकडे मुलीजवळ राहत होती. तिचा मुलगा आमच्याच भागात मामाकडे वाढलेला, मामाच्याच गावातून भरती झालेला, सीमेवर गोळी लागून गेलेला. ती वर्षातून एकदोनदा बसने यायची, फरशीवर हात ठेवायची आणि परत जायची. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आज आली तर खांबाच्या जागी खड्डा. चहाच्या टपरीवाल्याने तिला आमच्या घरी पाठवलं होतं.

मी काही बोलायच्या आत आई पुढे आली. तिने म्हातारीचा हात धरला, पडवीत आणलं आणि चादर काढली. चादर काढताना तिने स्वतः मान वळवलेली होती.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिचा हात आपोआप वर गेला, खांद्याच्या उंचीला, जिथे एवढी वर्षं तिच्या मुलाचं नाव असायचं. आता फरशी जमिनीवर टेकलेली होती आणि हात नुसत्या भिंतीला लागला. तिने भिंत चाचपली. ती घाबरली. "नही शे," ती म्हणाली, "काढी टाकं का?"

"नाही आजी, खाली आहे," मी म्हटलं आणि तिला खाली बसवलं. तिने नाव सांगितलं. मी शोधलं. ज्याचं आडनाव चिरलं होतं तोच तिचा मुलगा. मी तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं. पुढे तिला वाट माहीत होती. बोट तड्याशी आलं तेव्हा थांबलं. तिने तडा दोनदा चाचपला, त्यावर पदर फिरवला, आणि मग तडा ओलांडून उरलेली अक्षरं पुरी केली.

मग तिने आईकडे बघून विचारलं, "तुना कोणता?"

आईला सांगता आलं नाही. तिला माहीतच नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी आईच्या चेहऱ्यावर तसा भाव पाहिला नव्हता, वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलीसारखा. मी दाखवलं. आई खाली बसली. तिने नाव वाचलं, मोठ्याने, तोडून तोडून, आप्पांच्या नावासकट आणि आडनावासकट, पहिल्यांदा वाचायला शिकताना वाचतात तसं. मग बोट ठेवलं.

"कसा व्हता?" म्हातारीने विचारलं.

आई सांगू लागली. आधी अडखळत, मग सलग. कांदा बुक्कीने फोडायचा ते. शेजारणीच्या कोंबड्या याच्या मागे यायच्या ते. पहिलीत असताना शाळेतून पळून आला आणि कणगीमागे लपून झोपला ते. मग म्हणाली, "त्याचे पाय कधी पांघरुणात राहायचे नाहीत. मी झाकायची, तो पुन्हा काढायचा. तिथं बर्फात..." म्हातारीने आईचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. पेटी आली त्या दिवशी गर्दीत माझी आई रडली नव्हती. ती त्या दुपारी रडली, एका अनोळखी बाईच्या खांद्यावर, आणि ती बाई अहिराणीत तिला काहीतरी समजावत होती. त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं आणि आईला सगळं कळत होतं.

मी पाणी आणायला उठले तेव्हा मला आप्पा दिसले. ते फाटकाच्या आत, नळापाशी, सायकल धरून उभे होते. कधी आले होते कोण जाणे. मी हाक मारणार तर त्यांनी हाताने मला थांबवलं. ते तसेच उभे राहिले. त्यांनाही त्यांच्या मुलाबद्दल आईच्या तोंडून ऐकायचं होतं. इतक्या वर्षांनी ते ऐकू येत होतं, आणि आपण पुढे गेलो तर ते थांबेल हे त्यांना माहीत होतं. म्हातारी उठायची वेळ झाली तेव्हा त्यांनी सायकल पुन्हा बाहेर नेली आणि घंटी वाजवत, आत्ताच आल्यासारखे, आत आले.

त्यानंतर आई पुन्हा पुढच्या दाराने वावरू लागली. दोरी पडवीत परत आली. एका सकाळी आप्पा कॅन आणि धोतर घेऊन पडवीत आले तर फरशी आधीच पुसलेली होती, ओली होती. त्यांनी धोतराची घडी केली आणि खुंटीला अडकवून ठेवलं. त्या सकाळी आईने त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला, असं आप्पांनी मला फोनवर सांगितलं. त्यांनी ती बातमी म्हणून सांगितली.

मला वाटतं, थोडा आणखी वेळ मिळाला असता तर ते दोघं बोलले असते.

नवीन जागेचं काम पुढे सरकत नव्हतं. कधी निवडणूक, कधी साहेबांची बदली, कधी पुलाचंच काम अडलेलं. आप्पा कचेरीत जायचे, "पुढच्या महिन्यात" ऐकून परत यायचे. थंडी सुरू होताना एका सकाळी ते अंगणात बूट घालत असताना कलंडले. अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. नाशिकला हॉस्पिटलमध्ये आणलं. जीव वाचला, वाचा गेली. उजवा हात गेला. उजवा डोळाही मिटायचा नाही नीट, त्यातून सारखं पाणी गळायचं.

मी कंपनीतून संध्याकाळी जायचे, आई दिवसभर असायची. एका संध्याकाळी मी वॉर्डाच्या दारात पोचले तर ती त्यांच्या उशाशी वाकून बोलत होती. मी दारातच थांबले.

"त्याला आवडायचं पळायला," ती सांगत होती. "लहानपणापासून आवडायचं. तुम्ही शिकवलं नाय त्याला. तुम्ही घरी नव्हते तेव्हापासून पळायचा तो, शाळेतून घरी पळत यायचा, पाणी आणायला सांगितलं तर पळत जायचा. मला ठाऊक व्हतं. तेव्हाही ठाऊक व्हतं. मी बोलून गेले. आयकताय का? अहो, आयकताय का?"

आप्पा छताकडे बघत होते. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. आईने ते पदराने पुसलं. पुन्हा आलं. तिने पुन्हा पुसलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, इतकं निरखून की मला ते बघवेना. त्या डोळ्यातून पाणी सकाळीही येत होतं, डॉक्टर तपासत होते तेव्हाही येत होतं.

आप्पांना आम्ही घरी नेलं. खाट पडवीत टाकली, त्यांना फरशी दिसेल अशी. ते उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. तिरंगा नाही, सलामी नाही, साधं मरण. त्या दोघा म्हाताऱ्या सोबत्यांपैकी एक तोवर गेला होता, दुसरा काठी टेकत आला आणि त्याने जमेल तसा हात कपाळाला लावला.

नवीन स्मारक झालं ते पुढच्या वर्षी. पूल उतरतो तिथे, सर्व्हिस रोडच्या कडेला, छोट्या बागेत. लाइट आहेत, स्टीलचं रेलिंग आहे, मशीनने कोरलेली नवी चकचकीत फरशी आहे. सगळी नावं नव्याने घातली, चिरलेलं आडनावही आता धड आहे. जुनी फरशी कोणी मागितली नाही. आईला वीरमाता म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिने सटाण्याकडच्या म्हातारीला आदल्या दिवशीच घरी बोलावून घेतलं होतं, दोघी शेजारी बसल्या. शाल, नारळ, फोटो झाले. भाषणं संपली तेव्हा आई उठली, हळूहळू स्मारकाच्या मागे गेली आणि परत आली. तिने एका कार्यकर्त्याला विचारलं, "मागची बाजू कुठंय?"

"मावशी, मागे तर भिंत आहे."

"आमच्या ह्यांचं नाव मागं व्हतं."

तो गोंधळला. मी त्याला समजावलं की आधी निवृत्त सैनिकांचीही नावं होती. तो मनापासून म्हणाला, "हो का? आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आणि आता जागाही नाही." त्याची काही चूक नव्हती. तो तेव्हा शाळेत असेल.

आई घरी आली, शाल म्हातारीच्या पिशवीत घातली, तिला बसवून द्यायला थांब्यापर्यंत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

ती आता एकटीच राहते. मी नाशिकला चल म्हणते, ती पावसाळा झाल्यावर बघू म्हणते, मग दिवाळी झाल्यावर बघू म्हणते. सटाण्याकडची म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, आई तिला भेटायला बसने जाते, दोघी काय बोलतात कोण जाणे. पूल आमच्या घराच्या छपरापेक्षा उंचावरून जातो. पडवीत बसलं की गाड्या डोक्यावरून गेल्यासारख्या जातात आणि बोलताना थांबावं लागतं.

मागच्या रविवारी आम्ही तिथेच बसलो होतो. ती लसूण सोलत होती. एक कंटेनर गेला, आवाज ओसरला, आणि ती मान वर न करता म्हणाली, "हॉस्पिटलात मी तुझ्या आप्पांना काही बोलले व्हते. तू दारात उभी व्हती."

"हो."

"त्यांना आयकू गेलं आसंल का?"

"गेलं," मी म्हटलं. "त्यांना सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरही तसंच म्हणाले होते."

डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. आईने लसणाची पाकळी हातात धरून माझ्याकडे पाहिलं, हॉस्पिटलमध्ये आप्पांकडे पाहिलं होतं तसंच. मग टरफलं पदरात गोळा केली आणि चूल पेटवायला आत गेली.